निगेटिव्ह नवरदेवाची उष्टी हळद

समस्त नागरिकांस, विशेषतः लग्न ठरलेल्या तरुणांस, त्यांच्या आत्यांस, मावश्यांस आणि बँजोवाल्यांस जाहीर कळविण्यात येते की, उष्ट्या हळदीमुळे कोणताही गुप्तरोग होत नाही. यापूर्वी कधी झालेला नाही व यापुढेही होणार नाही. बाब अत्यंत गंभीर असून शासनाच्या कुठल्याही पत्रकात ती छापलेली नसल्याने, दिवाळी अंकातून ती जाहीर करण्याची जबाबदारी मी स्वतःच्या शिरावर घेत आहे. कृपया हसू नये. या एका वाक्यावाचून डोंगरकडा गावात एक लग्न मोडता मोडता राहिलं. आणि खरी गंमत पुढेच आहे. ज्याला त्या दिवशी हे वाक्य हवं होतं, त्याला मी ते मुद्दाम सांगितलं नाही.

आता मी कोण, ते सांगते. हिंगोली जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात मी समुपदेशक आहे. व्हरांड्याच्या टोकाला, औषधाच्या खिडकीपासून मुद्दाम लांब, माझी खोली आहे. एक टेबल, दोन खुर्च्या आणि आतून कडी लागणारा दरवाजा. एचआयव्हीची तपासणी करायला येणाऱ्या माणसाशी मी आधी बोलते, मग शेजारच्या खोलीत सलीमभाई रक्त घेतात, आणि मग निकाल सांगायला तो माणूस पुन्हा माझ्याकडे येतो. निकाल फक्त त्यालाच सांगायचा. बापाला नाही, बायकोला नाही, जीपमधून बरोबर आलेल्या सरपंचाला तर नाहीच.

या कामाचा एक अलिखित नियम आहे. बाहेर कुठेही भेट झाली तरी मी आधी ओळख दाखवायची नाही. आखाडा बाळापूरच्या बाजारात मी भाजी घ्यायला गेले की कितीतरी माणसं एकदम आभाळाकडे बघू लागतात. मीही वांग्यांकडे बघते. एक भाजीवाला माझ्याशी आजवर भावापलीकडे एक शब्द बोललेला नाही, पण पिशवीत न मागता कोथिंबीर टाकायला तो कधी विसरत नाही. जिल्ह्यात निम्मी माणसं मला ओळखतात आणि एकही नमस्कार करत नाही. पुढारी झाले असते तर वेड लागलं असतं. मला मात्र त्या कोथिंबिरीचं कौतुक वाटतं.

लोकांना वाटतं, माझ्या खोलीत रडारड असते ती आजार निघालेल्यांची. तसं होतंच, नाही कसं? पण ज्याला आजार निघतो तो चार अश्रू ढाळतो, गोळ्या सुरू करतो आणि पुढे पेरणीला लागतो. आमच्या गोळ्यांवर संसार करणारी, नातवंडं खेळवणारी माणसं आहेत. खरा छळ होतो तो ज्यांना काहीच झालेलं नाही त्यांचा. एक गुरुजी लॉजचा टॉवेल वापरला म्हणून झुरत होते. एक बकऱ्यांचे व्यापारी दर खेपेला "मित्राचं विचारायचं होतं" म्हणून येत आणि मित्राच्या वतीने स्वतःची जीभ दाखवत. असल्या गिऱ्हाइकांना सलीमभाई 'निगेटिव्ह पेशंट' म्हणतात. औषध नाही, पथ्य नाही, सुटीही नाही.

विष्णू हा त्यांचा मुकुटमणी. नाव बदललंय. गोष्ट लिहायची परवानगी त्यानेच दिली. "पण मला जरा उंच दाखवा," असंही सांगितलं. तर, उंचापुरा विष्णू सेनगाव तालुक्यातला, पुसेगावच्या बाजूचा. शेती हळदीची. एका साली मित्राच्या ट्रकमधून हळद घेऊन सांगलीला गेला. माल विकला गेला, मित्राने पाजली, आणि मग मित्र जिकडे घेऊन गेला तिकडे हा गेला. काळजी घेतली होती. निरोधही होता. परत आला तो मात्र भीती घेऊनच.

बाहेरच्यांसाठी सांगते, या तपासणीला थोडा धीर लागतो. धोक्याचा प्रसंग घडल्या घडल्या रक्तात काही दिसत नाही. तीन महिने उलटल्यावर तपासायचं, आणि तेव्हा निगेटिव्ह आलं की विषय संपला. विष्णूचं तीन महिन्यांनी निगेटिव्ह आलं. गरमीची, म्हणजे सिफिलिसची तपासणी केली, तीही निगेटिव्ह. काविळीची केली, तीही. मी पेढे मागितले. त्याने आणले. पेढे संपायच्या आत परत आला.

"मॅडम, पुन्ना करून बघू का?"

"काहून?" त्याच्यासारखं बोललं की तो जरा सैल व्हायचा.

"जिभेवर पांढरं येऊन राहिलं. अन् जबड्याखाली गाठ लागून राहिली."

गाठ लागणारच. दिवसभर बोटांनी दाबून दाबून त्याने ती जागा सुजवली होती. मोटरसायकलचा आरसा रस्त्याकडे असतो. याचा जिभेकडे वळवलेला. हिंगोली झाली, परभणी झाली, नांदेड झालं. प्रत्येक ठिकाणचा निकाल तोच. एकदा त्याला वाटलं, आपल्या रक्ताची बाटली दुसऱ्याच्या बाटलीत मिसळली असेल. हे त्याने सलीमभाईंना तोंडावर विचारलं.

सलीमभाईंच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या घड्याळदुरुस्ती. त्यांनी हातमोजे काढून टेबलावर ठेवले. "सुन बेटा. माझ्या बापानं पन्नास घड्याळं एका टेबलावर खोलली, पण एकाचा पुर्जा दुसऱ्यात गेला न्हाई. अन् तू मला बाटलीचं सांगतो?"

"तसं न्हाई हो सलीमभाई…"

"बस इधर. हात दे."

आणि विष्णूने हात दिला. तो आधीच दिलेला असायचा म्हणा. व्हरांड्यातच बाही कोपराच्या वर गुंडाळून यायचा. कुठली शीर चांगली सापडते ते सलीमभाईंना तोच दाखवायचा. सुई आत जाताना पापणीसुद्धा हलायची नाही. "ह्याचं रक्त ह्याच्याकडे कमी अन् माझ्याकडे जास्त," असं सलीमभाई म्हणायचे.

हसण्यासारखं इथवरच. घरी त्याने पेला वेगळा केला होता, टॉवेल वेगळा, ताट वेगळं. आईला वाटलं, पोरगं सोवळं पाळायला लागलं. तिने शेजारी कौतुक सांगितलं. पण त्याच्या बहिणीचं लेकरू, नुकतं चालायला लागलेलं, मामाकडे हात पसरून यायचं, आणि हा उठून गोठ्यात जायचा. "लाळ लागली तर?" मला हे सांगताना त्याचा आवाज फुटला. तेव्हा मला कळलं, हे रक्ताचं काम नाही. सांगलीच्या त्या संध्याकाळची शिक्षा त्याला हवी होती. आम्ही कोर्टासारखं दर वेळी निर्दोष सोडत होतो आणि आरोपी कोठडीतून बाहेर यायला तयार नव्हता.

मी त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. वेड्यांचा डॉक्टर म्हणून आधी रुसला, मग गेला. गोळ्या सुरू झाल्या. आणि माझ्या खोलीत आम्ही एक करार केला. यापुढे तपासणी बंद. शिवाय "मला झालं नसेल ना?", "याने होत नाही ना?" असलं त्याने विचारलं तर मी उत्तर द्यायचं नाही. कारण माझं 'नाही' म्हणजे खरजेवर खाजवणं. घटकाभर बरं वाटतं आणि मग आग दुप्पट. भीती आली तर तिला हाकलायचं नाही, तपासायचं नाही; "बस बाजूला" म्हणायचं आणि हातातलं काम करायचं. ऐकायला सोपं वाटतं. न बोलणं माझ्यासारख्या बोलक्या बाईला किती जड जातं, ते माझ्या नवऱ्याला विचारा.

हळूहळू जमू लागलं. पेला एक झाला. भाचीला त्याने एका संक्रांतीला उचललं, तिळगूळ भरवला, आणि दुसऱ्या दिवशी मला सांगायला आला तो बाही न गुंडाळता. लग्न ठरलं. मुलगी डोंगरकड्याची, शीतल. पत्रिका घेऊन तो आला तेव्हा मी म्हटलं, "अरे, मी कशी येणार? लोक विचारतील, या मॅडमची अन् नवरदेवाची ओळख कुठली?"

"मी केलाय बंदोबस्त," विष्णू म्हणाला. "तुमी कृषी खात्याच्या. हळदीच्या मॅडम."

शाळेच्या स्नेहसंमेलनात मी राणीपासून राक्षसिणीपर्यंत सगळं केलेलं आहे. असली भूमिका सोडते होय? पिवळी साडी नेसले, चष्मा नाकावर घेतला आणि मे महिन्याच्या उन्हात डोंगरकड्याला उतरले.

वऱ्हाडाचा जानवसा गावातल्या शाळेत होता. मी पाय ठेवते न ठेवते तोच हळदवाले शेतकरी भोवती जमले. लागवडीचे दिवस तोंडावर आलेले.

"मॅडम, बेणं सडून राहिलंय. काय करावं?"

मला हळद ओळखू येते ती डब्यातली. पण माझ्या धंद्याचे प्रश्न पाठ होते. "कधीपासून? दुसऱ्या कुणाच्या बेण्यात मिसळलं होतं का? लपवू नका, मला सांगायला लाजायचं काही कारण नाही." मंडळी गंभीर झाली. "सडलेलं आधी वेगळं काढा. बाकीच्याबद्दल उगाच मनात शंका धरू नका. आणि शेजाऱ्याला दोष देत बसू नका."

एक म्हातारबा मान डोलावून म्हणाले, "मॅडम लई समजावून सांगतात. मागचे साहेब नुस्तं औषधाचं नाव सांगून जायचे."

मी या यशात न्हात असताना आतल्या वर्गातून गलका ऐकू आला.

हळदीची रीत आपल्याला माहीत आहे. आधी नवरदेवाला लावायची, आणि त्याच्या अंगाला लागलेली, त्याच वाटीतली उष्टी हळद वाजतगाजत नवरीकडे न्यायची. ती आल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. त्या सकाळी न्हावी विष्णूची दाढी करत असताना त्याच्या हनुवटीला जरासं पातं लागलं होतं. रक्ताचा टिपूस आला, पुसला, झालं. मग बायांनी हळद लावली. विष्णूच्या आत्याने रीतीप्रमाणे त्याच्या गालावरची, हनुवटीवरची हळद बोटाने निपटून परत वाटीत घातली. आणि विष्णूला त्या पिवळ्यात तांबडी रेघ दिसली.

मी दारातून पाहिलं तेव्हा तोंडापासून तळव्यापर्यंत पिवळाजर्द नवरदेव हळदीची वाटी पोटाशी घट्ट धरून भिंतीला टेकला होता, आणि आत्या वाटी ओढत होती.

"सोड की रे! काहून धरून बसला?"

"दुसरी कालवा. नवी."

"अन् नवी उष्टी कशी व्हईल, मुडद्या? सोड!"

"न्हाई देत."

बँजोवाला बाहेर तेच गाणं पुन्हा पुन्हा वाजवत होता. तेवढ्यात नवरीचा मामा मोटरसायकलवरून आला. चौरंगावर नवरी बसून राहिली, उन्हाचा पारा चढला, हळद का येईना? आतला प्रकार त्याने पाहिला आणि त्याचा चेहरा बदलला. "सरळ सांगा ना, पोराला पोरगी पसंत न्हाई म्हणून. आमी काय गळ्यात बांधून राहिलो का?"

वऱ्हाडात कुजबुज पसरली. आमच्याकडे कुजबुज पसरायला बँजोपेक्षा कमी वेळ लागतो. विष्णूने मला पाहिलं. त्याच्या नजरेत जे होतं ते मला पाठ होतं.

आत्या तरातरा माझ्याकडे आली. मी भूमिकेत शिरले. "हे बघा, हळदीची गुणवत्ता…"

"ते ऱ्हाऊ द्या बाई," ती माझ्या कानाशी म्हणाली. "माझी सून पहिल्या खेपेला दवाखान्यात आली तवा तुमीच तर शेजारी बसवून धीर दिला होता. गरवार बाया समद्या तुमच्याच खोलीतून जातात. ह्या वऱ्हाडातल्या निम्म्या बाया वळखतात तुमाला." आणि माझा उतरलेला चेहरा बघून वर म्हणाली, "काय हाये ते मी इचारत न्हाई. पर एवढ्यांदा पोराला समजवा."

केवढं नाटक केलं होतं मी! प्रेक्षकांना पहिल्या अंकापासून सगळं ठाऊक होतं आणि कुणी हूं की चूं केलं नव्हतं.

शेजारच्या खोलीत शाळेच्या खिचडीच्या तांदळाची पोती होती. मी विष्णूला आत घेतलं आणि कडी लावली. दोन पोत्यांवर समोरासमोर बसलो. वाटी त्याच्या मांडीवर.

"मॅडम," तो म्हणाला, "एकच सांगा. हळदीनं होत न्हाई ना?"

एक शब्द. "नाही." तेवढा टाकला असता तर बाहेरचा मामा शांत, आत्या शांत, बँजोला नवं गाणं. आणि दुसऱ्या दिवशी विष्णूने विचारलं असतं, एका ताटात जेवल्याने? मग एका उशीवर झोपल्याने? मग लेकरू झाल्यावर लेकराला? त्या पोरीचा सगळा संसार माझ्या 'नाही'च्या रांगेत उभा राहिला असता. बाहेर मामा मोटरसायकलचा हॉर्न दाबत होता. मी तोंड मिटून बसले. आयुष्यात एवढं कठीण काम दुसरं केलेलं नाही.

"बोला की मॅडम."

"करार आहे आपला."

"आज लगीन हाये हो माझं!"

"म्हणून तर." मग मी विचारलं, "भीती केवढी आहे आत्ता?"

त्याने चौफेर पाहिलं. "ह्या खोलीएवढी."

"बरं. मग ती इथंच मावते. बसव तिला त्या पोत्यावर. आपण हळद देऊन येऊ."

"मागं आली तर?"

"येईल की. एवढं वऱ्हाड आलंय, त्यात एक माणूस जास्त. तीही जेवेल."

त्याच्या नाकातून कसलासा आवाज निघाला. हसू होतं की रडू, मला सांगता येणार नाही. त्याने वाटी दोन्ही हातांत उचलली. मग स्वतःशीच पुटपुटला, "माहीत तर समदं हाये मला." उठला. कडी त्यानेच काढली. आत्यासमोर जाऊन त्याने वाटी पुढे केली. आत्याने दोन्ही हातांनी ती धरली, आणि काही न विचारता पदराखाली घेऊन निघाली. मामाच्या मोटरसायकलवर मागे बसून, बँजोच्या पुढे. विष्णू दारात उभा राहून बघत होता. परत फिरून 'दुसरी कालवा' म्हणाला नाही.

लग्न लागलं. शीतल चेहऱ्यावर पिवळी, कपाळाला मुंडावळ्या, आणि हार घालताना उंच विष्णूला मान खाली घालायला लावणारी. मी भरपेट जेवले. निघताना त्या म्हातारबांनी बेण्याची पिशवी दिली. माझ्या अंगणातली हळद अजूनही त्याच कुळातली आहे.

भीती त्या दिवशी पळाली म्हणून सांगितलं तर ते खोटं होईल. लग्नानंतर त्याचे फोन आले. मी शेतीचं विचारायची, तो चिडायचा, मग हसायचा. पुढे फोन विरळ झाले, मग बंद. खरं सांगते, मला चुटपुट लागली. या धंद्यात माणूस बरा झाला की तुम्हाला विसरतो, आणि त्याने विसरावं म्हणून तुम्हीच राबलेले असता.

मग एका सकाळी गरोदर बायांच्या रांगेत शीतल दिसली. गरोदरपणी ही तपासणी सगळ्यांचीच होते. मागे पिशवी धरून विष्णू उभा. मी शिरस्त्याप्रमाणे दोघांकडे अनोळखी नजरेने पाहिलं. शीतल सरळ आत येऊन बसली.

"मॅडम, नका नाटक करू. सांगितलंय ह्यांनी समदं. सांगलीचं बी, वाटीचं बी."

"मग?"

"मग काय? पोळ्यापर्यंत बोलले न्हाई मी. पोळ्याला बैल धुताना स्वतःच पाय घसरून पडले नदीत, तवा हसू आलं. किती दिवस रुसावं माणसानं?"

तिचं रक्त घेऊन झालं. आणि सलीमभाईंना, काय लहर आली कोण जाणे, जुनं गिऱ्हाईक बघून राहवलं नाही. रांगेतल्या सगळ्या बायांच्या देखत त्यांनी हाक मारली, "आव विष्णू! बाईसंग नवऱ्याची बी करतो आमी. बस, हात दे."

हा माणूस आता बाही वर करणार. शीर दाखवणार. आणि उद्यापासून पुन्हा जीभ, पुन्हा गाठ, पुन्हा आरसा. मी उठून दारापर्यंत आले. विष्णूचा हात खरंच बाहीकडे गेला होता. त्याने सुईकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग शीतलकडे. पिशवी छातीशी धरून तो दोन पावलं मागे सरला आणि अख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला,

"नगं हो सलीमभाई, मला सुईचं लई भ्याव वाटतं!"